धंदेशिक्षण आणि शाळेची सुरक्षितता : अमेरिकेतील राज्य विधिमंडळे काय ठरवितात?

अमेरिकेतील शाळांबाबतचे बहुतेक निर्णय वॉशिंग्टनमध्ये होत नाहीत, ही गोष्ट आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित मंडळींनाही ठाऊक नसते. त्या देशाच्या संविधानात शिक्षण हा शब्दच आलेला नाही. जे अधिकार संघराज्याला दिलेले नाहीत ते राज्यांचे, असे तेथील दहावी दुरुस्ती सांगते. त्यामुळे शाळेत काय शिकवावे, शिक्षक कोणाला म्हणावे, इमारतीला किती दारे असावीत, हे सारे ५० राज्यांची ५० विधिमंडळे आपापल्या परीने ठरवीत असतात. आपल्याकडे १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले आणि केंद्र व राज्य दोघांचाही त्यात हात आहे. तिकडे केंद्र पैसे देते, अटी घालते. पण कायद्याची लेखणी मुख्यतः राज्याच्या हाती असते.

तेथील बहुतेक राज्यांची अधिवेशने जानेवारीत सुरू होतात, आणि अलीकडे दोन प्रकारची विधेयके त्यांत हटकून येतात. एक, मुलांना शाळेतच एखादा धंदा किंवा तांत्रिक कौशल्य शिकविण्याबाबत. दुसरे, शाळेत मुलांचा जीव सुरक्षित राहावा याबाबत. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. पण दोन्हींत प्रश्न एकच आहे : कोणाच्या मुलांबाबत, कोण, काय ठरवितो? म्हणून या दोन्ही विषयांचा एकत्र परिचय आपल्या सभासदांना, विशेषतः विद्यार्थी मित्रांना करून द्यावा, असे वाटले. प्रस्तुत लेखक आयटीआयचा टर्नर. आयुष्याची बरीच वर्षे लेथसमोर गेली. तेव्हा या विषयाकडे तो तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

विधेयक पुढे कसे सरकते, हे थोडक्यात पाहू. एखादा आमदार ते मांडतो. ते शिक्षण समितीकडे जाते. समिती सुनावणी ठेवते आणि सर्वसाधारणपणे कोणाही नागरिकाला तेथे येऊन बोलता येते. शिक्षक, कारखानदार, आईबाप, कधी कधी शाळेतील मुलेही येतात. प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे मिळतात. खर्चाचा प्रश्न असेल तर विधेयक अर्थविषयक समितीतूनही जाते. मग दोन्ही सभागृहांत मतदान होते. नेब्रास्का या एकाच राज्यात एकच सभागृह आहे. शेवटी राज्यपालाची सही होते किंवा नकार येतो. तेथील राज्यपाल दिल्लीहून नेमलेला नसतो, तो लोकांनी निवडून दिलेला असतो, म्हणून त्याच्या सहीला राजकीय वजन असते. टेक्सासचे विधिमंडळ तर नियमितपणे दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी, १४० दिवसच बसते. त्या मुदतीत जे झाले नाही ते पुढच्या अधिवेशनापर्यंत राहिले!

बहुसंख्य विधेयके समितीतच संपतात. जी उरतात त्यांतही वाटेत एखादे कलम गळते, एखादा शब्द बदलतो. ‘शाळा अमुक करील’ याच्या जागी ‘शाळा अमुक करू शकेल’ असे झाले की कायद्याचा सल्ला होतो. वर्तमानपत्रात मात्र मथळा तोच राहतो.

आता धंदेशिक्षणाकडे वळू. या प्रश्नावरील एक महत्त्वाची लढाई शंभर वर्षांपूर्वी इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात झाली. एडविन कूली हे शिकागोचे माजी शाळा-अधीक्षक. शहरातील उद्योगपतींच्या कमर्शियल क्लबने त्यांना युरोपातील धंदेशिक्षण पाहावयास पाठविले. जर्मनीतील पद्धतीने ते प्रभावित झाले आणि परत आल्यावर त्यांनी एक योजना आखली. प्राथमिक शाळा सोडलेल्या १४ वर्षांवरील मुलांसाठी धंद्याच्या शाळा वेगळ्या असाव्यात, त्यांचे मंडळ वेगळे असावे, त्यांच्यासाठी करही वेगळा असावा. हे विधेयक १९१३ मध्ये विधिमंडळासमोर आले, बारगळले, १९१५ मध्ये पुन्हा आले आणि पुन्हा बारगळले.

विरोध कोणी केला? शिकागोच्या तेव्हाच्या शाळा-अधीक्षक एला फ्लॅग यंग यांनी केला. अमेरिकेतील मोठ्या शहराच्या शाळा-अधीक्षकपदी बसलेली ती पहिली स्त्री. शिक्षकांनी केला. शिकागोच्या कामगार महासंघाने केला, कारण मालकांच्या देखरेखीखाली कामगारांच्या मुलांना वेगळे शिकविण्याचा अर्थ कामगारांना बरोबर कळला होता. आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून प्राध्यापक जॉन डिवी यांनी केला.

डिवी हातकामाच्या विरुद्ध मुळीच नव्हते. १८९६ मध्ये त्यांनी शिकागोत जी प्रयोगशाळा चालू केली तीत मुले सुतारकाम, विणकाम, स्वयंपाक करीत आणि त्यातून गणित, विज्ञान, इतिहास शिकत. त्यांचा आक्षेप वाटणीला होता. एकाच गावात एका प्रकारच्या मुलांसाठी पुस्तकांची शाळा आणि दुसऱ्या प्रकारच्या मुलांसाठी यंत्राची शाळा झाली, की दुसऱ्या शाळेत मुलाला मालकाला हवे तेवढेच शिकविले जाते. यंत्र कसे चालवायचे ते त्याला कळते. ते यंत्र कोणासाठी चालते, हे त्याने विचारू नये अशी व्यवस्था होते. धंदा शिकवा, पण त्याच शाळेत, त्याच मुलांमध्ये, विज्ञान आणि नागरिकशास्त्रासह शिकवा, असे त्यांचे सांगणे होते.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक नाव आल्यावाचून राहणार नाही. ज्या वर्षी कूलींचे विधेयक प्रथम आले त्याच वर्षी, १९१३ च्या जुलैत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात दाखल झाले. १९१६ पर्यंत ते तेथे होते आणि डिवींच्या व्याख्यानांना बसत होते. १९१६ मध्येच डिवींचे ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ प्रसिद्ध झाले. त्यात धंद्याशी संबंधित शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बाबासाहेबांनी डिवींचे ऋण आपल्या गुरूचे म्हणून मान्य केले. कामाची वाटणी वेगळी आणि काम करणाऱ्या माणसांची वाटणी वेगळी, हा जो भेद त्यांनी त्या ग्रंथात मांडला, तो इलिनॉयच्या वादाशेजारी ठेवून वाचला तर दोन्ही अधिक उलगडतात.

आणि हा वाद काही परदेशापुरता राहिला नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. घरचा धंदा म्हणजे बापाचा धंदा, आणि बापाचा धंदा म्हणजे जात. विरोधकांनी तिला कुलधंद्याची शिक्षणयोजना असे नाव दिले. विधानसभेत वादळ उठले, योजना तज्ज्ञ समितीकडे द्यावी लागली, १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराज यांच्या सरकारने ती गुंडाळली. असो.

अमेरिकेत कूली हरले, पण प्रश्न संपला नाही. १९१७ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या सहीने स्मिथ-ह्यूज कायदा झाला. शेती, कारखान्यातील धंदे आणि गृहशास्त्र यांच्या शिक्षणासाठी केंद्राने पैसा देऊ केला. राज्याने तेवढाच आपला घालावा आणि त्यासाठी राज्य मंडळ नेमावे, ही अट. पैसा आला आणि त्याबरोबर वेगळे हिशेब, वेगळे शिक्षक, वेगळे वर्गही आले. शाळेचे छप्पर एक राहिले, पण छपराखाली दोन वाटा पडल्या. दक्षिणेत तर गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळाच वेगळ्या होत्या. काळ्या समाजाने आधी हातकाम शिकावे की उच्च शिक्षण, यावर टस्कीगी संस्थेचे बुकर टी. वॉशिंग्टन आणि डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यात विसाव्या शतकाच्या आरंभीच मोठा वाद झडला होता. पुढे अनेक दशके मार्गदर्शक शिक्षक काळ्या मुलाला, मेक्सिकन मजुराच्या मुलाला, गरीब गोऱ्याच्या मुलाला ‘तू वर्कशॉप घे’ असे सांगत राहिले. कायद्यात कोठेही तसे लिहिलेले नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, हे वाक्य आपल्या वस्त्यांतही नवे नाही. माझ्या वेळी दहावीच्या निकालानंतर एका शिक्षकांनी माझ्या वडिलांना सांगितले, “याला आयटीआयला घाला, लवकर हाताशी येईल.” सल्ला वाईट नव्हता, त्या ट्रेडवर माझे घर उभे राहिले. मात्र माझ्याएवढेच गुण पडलेल्या दुसऱ्या एका मुलाच्या वडिलांना त्याच शिक्षकांनी विज्ञान शाखा सुचविली होती. धंदा शिकण्यात कमीपणा नाही. तो कोणी निवडला, आणि तेथून पुढे जाण्याचे दार उघडे आहे की नाही, एवढेच विचारायचे असते.

अलीकडचे अमेरिकन कायदे हे दार उघडे ठेवण्याचा प्रयत्न करतात, असे म्हणता येईल. १९६३ मध्ये नवा धंदेशिक्षण कायदा झाला, १९८४ मध्ये कार्ल पर्किन्स यांच्या नावाचा कायदा आला. २००६ च्या सुधारणेत ‘व्होकेशनल’ हा जुना शब्द जाऊन ‘करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन’ हे नाव आले. नाव बदलले म्हणजे सर्व बदलले असे नव्हे. तरी अभ्यासक्रम खरोखरच बदलले. वेल्डिंग आणि मोटार दुरुस्तीबरोबर शुश्रूषा, संगणक, विमानदुरुस्ती, अन्नप्रक्रिया आले. हे विषय घेणारा मुलगा इंग्रजी आणि गणित सोडत नाही. बऱ्याच राज्यांत शाळेत असतानाच केलेल्या कामाचे श्रेयांक महाविद्यालयात धरले जातात, म्हणजे वेल्डर झालेल्या मुलाला पुढे इंजिनिअरिंगकडे जावयाचे असेल तर त्याची वर्षे वाया जात नाहीत.

२०१८ च्या जुलैत हा पर्किन्स कायदा पुन्हा सुधारला. त्याखाली अलीकडच्या वर्षांत केंद्राकडून राज्यांना वर्षाला सुमारे १४० कोटी डॉलर मिळत आले आहेत. त्यातील एक अट मला सर्वांत मोलाची वाटते. कोणत्या अभ्यासक्रमात कोण मुले आहेत आणि त्यांचे पुढे काय झाले, याची माहिती वंश, लिंग, अपंगत्व, गरिबी अशी वेगवेगळी करून राज्याला द्यावी लागते. सगळ्या काळ्या मुली केशरचनेच्या वर्गात आणि सगळे गोरे मुलगे संगणकाच्या वर्गात असतील, तर ते आकड्यांत दिसते. दिसले म्हणजे बदलतेच असे नाही, पण न दिसलेले कधीच बदलत नाही.

राज्य विधिमंडळांत आज भांडण होते ते तपशिलावर. २५ वर्षे नळकाम केलेल्या माणसाला शिक्षणशास्त्राच्या पदवीशिवाय वर्गात उभे करावे का? धंद्याचा विषय गणिताऐवजी धरावा का? यंत्रे कोणी घ्यावयाची? फ्लोरिडाने २००७ मध्ये असा कायदा केला की मुलांनी उद्योगमान्य प्रमाणपत्र मिळविले की शाळेच्या जिल्ह्याला जादा पैसे मिळतात. कल्पना चांगली. पण पैसे प्रमाणपत्रावर ठेवले की शाळा सोपी प्रमाणपत्रे शोधू लागतात, हा धोका अशा सर्वच योजनांत आहे. ज्या कागदाला कारखान्याच्या फाटकावर कोणी विचारीत नाही, असा कागद भिंतीवर लावण्याच्या कामाचा. म्हणून अनेक राज्यांना मान्य प्रमाणपत्रांची यादी पुनःपुन्हा तपासावी लागते.

आता दुसरा विषय. धंदेशिक्षण आणि सुरक्षितता हे दोन्ही एकाच खोलीत, एकाच क्षणी समोरासमोर आले ते पूर्व टेक्सासमधील न्यू लंडन या गावी, १८ मार्च १९३७ रोजी. तो तेलविहिरींचा मुलूख, आणि ही शाळा देशातील श्रीमंत ग्रामीण शाळांपैकी एक. इमारतीला त्या काळी सुमारे १० लाख डॉलर लागले होते. तरीही महिन्याला काही शे डॉलर वाचावेत म्हणून शाळेने विकतचा गॅस बंद करून तेलविहिरींतून निघणाऱ्या टाकाऊ गॅसच्या नळाला आपली जोडणी घेतली. त्या भागात घराघरांतून हे चालत असे. या गॅसला ना रंग, ना वास. जोडणी गळली आणि इमारतीखालच्या पोकळीत गॅस साचत गेला. मुलांचे डोके दुखू लागल्याच्या तक्रारी होत्या, त्या कोणी गॅसशी जोडल्या नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास हस्तव्यवसायाच्या वर्कशॉपमध्ये शिक्षकांनी लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले. ठिणगी पडली. इमारत उचलली गेली आणि खाली कोसळली. सुमारे ३०० मुले व शिक्षक मरण पावले. मदतीला धावलेले तेलकामगार बहुतेक त्याच मुलांचे बाप होते. ते हातांनी ढिगारा उपसत होते.

टेक्सासच्या विधिमंडळाने त्याच वर्षी दोन कायदे केले. गॅसला उग्र वासाचे द्रव्य मिसळावे, म्हणजे गळती नाकाला कळेल, हा एक. आणि नोंदणी असल्याशिवाय कोणी इंजिनिअर म्हणून काम करू नये, हा दुसरा. गॅसला वास देण्याची ही पद्धत पुढे सर्वत्र पसरली. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडर गळला की जो वास येतो तो गॅसचा स्वतःचा नव्हे, मुद्दाम मिसळलेल्या इथिल मरकॅप्टनचा असतो. घरातली बाई “गॅसचा वास येतोय, बटण बंद करा” असे ओरडते, तेव्हा त्या मुलांमुळे झालेला एक कायदा तिच्या कामी येत असतो.

कारखान्याच्या यंत्रावर हात ठेवलेल्या मुलाची सुरक्षितता हा अजूनही जिवंत प्रश्न आहे. १९६०च्या दशकात अनेक राज्यांनी शाळेच्या वर्कशॉपमध्ये डोळ्यांना संरक्षक चष्मा सक्तीचा केला. आम्ही आयटीआयमध्ये होतो तेव्हा पहिल्या दिवशी निदेशकांनी फळ्यावर काही लिहिले नाही; लेथच्या चकमध्ये चावी तशीच ठेवून यंत्र सुरू केले तर काय होते ते नुसते तोंडी सांगितले. मग सगळ्यांच्या शर्टाच्या बाह्या वर करून घेतल्या. तो धडा आजही अंगात आहे. पण असा निदेशक प्रत्येक मुलाच्या मागे उभा असेलच, हे कायद्याशिवाय ठरत नाही.

म्हणून आयोवा राज्याचा २०२३ चा कायदा लक्षात घेण्यासारखा आहे. अमेरिकेत १८ वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामावर ठेवण्यास केंद्राची बंदी आहे. धंदा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला काही कामांपुरती सूट मिळते, पण लेखी करार हवा, काम थोड्या वेळापुरते व अधूनमधून हवे, जवळून देखरेख हवी, सुरक्षिततेचे शिक्षण हवे. आयोवाच्या विधिमंडळाने ‘कामातून शिक्षण’ या नावाखाली १६-१७ वर्षांच्या मुलांना एरवी बंद असलेल्या काही कामांवर जाण्याची मुभा देता येईल असे ठरविले. त्याच कायद्यात १४-१५ वर्षांच्या मुलांना शाळेच्या दिवशी सहा तासांपर्यंत काम करण्यास वाट दिली. केंद्राची मर्यादा तीन तासांची आहे. केंद्रीय कामगार खात्याने हे केंद्राच्या कायद्याशी विसंगत आहे असे कळविले. मूळ मसुद्यात मुलाला इजा झाल्यास मालकाला दिवाणी जबाबदारीतून मोकळे करणारे कलम होते, ते वाटेत काढावे लागले. पाठिंबा देणारे आमदार म्हणत होते, मुलांना अनुभव मिळेल. विरोध करणारे विचारीत होते, मग कामगार मिळत नाहीत त्याच कारखान्यांना हा अनुभव देण्याची एवढी घाई का? शिक्षण हा शब्द विधेयकाच्या डोक्यावर असला तरी आत मजुरी आहे का, हे कलम वाचल्याशिवाय कळत नाही.

इमारतीच्या सुरक्षिततेबाबतचा मोठा धडा शिकागोतला. १ डिसेंबर १९५८ रोजी ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या चर्चच्या शाळेला आग लागली. ९२ मुले आणि तीन जोगिणी मरण पावल्या. जिने उघडे होते, त्यांतून धूर वर चढला; पाण्याचे फवारे नव्हते; वरच्या मजल्यावरची मुले खिडक्यांशी अडकली. आणि एवढे असूनही ती शाळा कायद्याप्रमाणे होती! आगीपूर्वी काहीच आठवड्यांमागे तपासणीत ती उत्तीर्ण झाली होती. नवे नियम केले होते ते नव्या इमारतींसाठी; जुन्यांना सूट होती. ‘हे कलम यापुढे बांधल्या जाणाऱ्या इमारतींना लागू राहील’ या एका ओळीत ९५ जीव होते. त्यानंतर देशभर जुन्या शाळांचीही सुधारणा झाली आणि आगीने शाळेत तेवढी प्राणहानी अमेरिकेत पुन्हा झालेली नाही. शाळेतील आग हा न सुटणारा प्रश्न नव्हता, हे यातून दिसते.

बंदुकीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. १९९९ मध्ये कोलोरॅडोतील कोलंबाइन, २०१२ मध्ये कनेटिकटमधील सँडी हूक येथे पहिलीतील २० मुले व सहा मोठी माणसे, १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलंड येथे १७ जण. पार्कलंडनंतर वाचलेली मुलेच राजधानीत जाऊन आमदारांसमोर उभी राहिली. २३ दिवसांत, ९ मार्चला, राज्यपालांनी कायद्यावर सही केली. बंदूक विकत घेण्याचे वय १८ वरून २१ झाले, प्रत्येक शाळेत सशस्त्र माणूस हवा असे ठरले, मानसिक आरोग्यासाठी पैसा दिला गेला. एकूण सुमारे ४० कोटी डॉलर. एरवी जे विधिमंडळ बंदुकीच्या कायद्याला हात लावीत नव्हते त्याच विधिमंडळाने हे केले. केवळ वर्गात शिकविण्याचे काम करणाऱ्या शिक्षकांना शस्त्र देण्यास त्या कायद्यात मनाई होती. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, ती मनाई उठविण्यात आली. पार्कलंडमध्ये मारल्या गेलेल्या अ‍ॅलिसा या १४ वर्षांच्या मुलीच्या नावाचा कायदा २०१९ मध्ये प्रथम न्यू जर्सीने केला : प्रत्येक शाळेत बटण दाबताच आवाज न करता थेट पोलिसांना कळविणारी यंत्रणा असावी. मग फ्लोरिडा, न्यूयॉर्क, टेक्सास, टेनेसी या राज्यांनी तो स्वीकारला. बटण स्वस्त असते आणि त्याला कोणाचा विरोध नसतो, हेही त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे.

शाळेत पोलीस ठेवण्याबाबत आपल्या वाचकांनी एक बाजू विसरू नये. केंद्राच्या शिक्षण खात्याने गोळा केलेल्या नागरी हक्कविषयक आकडेवारीत, शाळेकडून पोलिसांकडे सोपविल्या जाणाऱ्या मुलांत काळ्या मुलांचे प्रमाण त्यांच्या पटावरील प्रमाणापेक्षा अधिक असल्याचे पुनःपुन्हा आढळले आहे. गोऱ्या वस्तीतील आईला शाळेच्या दारातील गणवेश पाहून धीर येतो. काळ्या वस्तीतील आईला तोच गणवेश पाहून काळजी वाटते. सुनावणीत दोघीही येतात. दोघीही आपल्या मुलाच्याच सुरक्षिततेबद्दल बोलतात.

२४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी गावी प्राथमिक शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. टेक्सासच्या विधानसभेने नेमलेल्या चौकशी समितीने जुलैत अहवाल दिला. ३७६ सशस्त्र अधिकारी त्या शाळेपाशी जमले होते, आणि मारेकऱ्याला गाठण्यापूर्वी एक तासाहून अधिक वेळ गेला. त्याच अहवालात एक साधी नोंद आहे. ज्या वर्गात तो शिरला त्या वर्गाचे दार नीट बंद होत नव्हते. हे शाळेत माहीत होते. पण कुलूप दुरुस्त करण्याची लेखी मागणी कोणी नोंदविलेलीच नव्हती.

पुढच्या वर्षी विधिमंडळाने कायदा केला : राज्यातील प्रत्येक शाळेत शाळेच्या वेळेत एक सशस्त्र सुरक्षा अधिकारी असावा. त्यासाठी प्रत्येक शाळेमागे वर्षाला १५,००० डॉलर आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे १० डॉलर ठरले. एवढ्यात एका अधिकाऱ्याचा पगारही भागत नाही, असे शाळा-जिल्हे सांगू लागले. काहींनी कायद्यातीलच सवलतीचा आधार घेऊन सूट मागितली. २०२५ मध्ये ही रक्कम वाढविण्यात आली. दरम्यान राज्याच्या शिक्षण खात्याने आणखी एक नियम लावला, ज्याची वर्तमानपत्रांत फारशी चर्चा झाली नाही. शाळा भरलेली असताना, आठवड्यातून निदान एकदा, कोणी तरी इमारतीभोवती फिरून बाहेरचे प्रत्येक दार ओढून पाहावयाचे, ते लागते की नाही ते लिहून ठेवावयाचे आणि मुख्याध्यापकांना कळवावयाचे.